वाचकांचे प्रश्न : घरातल्या खोल्या पाहुण्यांना देताना

प्रश्न : भिलारमध्ये आमचे दुमजली घर आहे. वरच्या दोन खोल्या रिकाम्या असतात. स्ट्रॉबेरीच्या हंगामात पर्यटक खोल्या आहेत का विचारत येतात. ॲपवर नोंद करून त्या रोजभाड्याने द्यायच्या आहेत. गच्चीवर आणखी दोन खोल्या चढवाव्यात का? ग्रामपंचायत ना-हरकत दाखला देते म्हणाली.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, गच्चीला तूर्त हात लावू नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणजे तिथे नव्या बांधकामावर निर्बंध आहेत, आणि भिलार त्यातच येते. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. या एका गैरसमजापायी लोक कर्ज काढून खोल्या बांधतात आणि पुढे पाडकामाची नोटीस हातात पडते.

आहे त्या दोन खोल्यांचे मात्र जमेल. आधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदवहीतला) उतारा काढा आणि नीट वाचा. वरचा मजला त्यात नोंदलेला आहे का? मालकाच्या रकान्यात अजून आजेसासऱ्यांचे नाव असेल, तर पहिले काम वारस नोंदीचे. दीर-नणंदांची नावे असतील, तर त्यांचे लेखी संमतिपत्र घ्या. अर्ज बहुतेक वेळा इथेच अडतो, म्हणून हे मे महिन्याच्या गर्दीपूर्वीच उरका.

मग पर्यटन संचालनालयाच्या ‘न्याहारी व निवास’ योजनेत नोंदणी करा. साताऱ्याचे काम पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयातून चालते. यजमान कुटुंब त्याच घरात राहणारे हवे. कुलूपबंद बंगला नोकराच्या भरवशावर चालवणाऱ्यांसाठी ही योजना नाही. व्यवसाय तुमच्या नावावर असेल, तर राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणाचीही चौकशी करा: पर्यटन व्यवसायासाठी महिलेने घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परतावा मिळतो.

पाहुणा परदेशी असेल, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर भरावी लागते (जुने लोक याला ‘सी फॉर्म’ म्हणतात). भारतीय पाहुण्यांचीही नोंदवही ठेवा: नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार, गाडीचा क्रमांक, येण्या-जाण्याची वेळ.

जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे. दोन खोल्या तिथवर जात नाहीत. ॲपवरून आलेल्या आरक्षणावरचा कर अशा वेळी ॲप कंपनीच भरते.

जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी करा आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या, घरगुती १४.२ किलोच्या टाकीवर पाहुण्यांचा स्वयंपाक चालत नाही. आणखी एक कळकळीची सूचना. बंद न्हाणीघरात गॅसगिझर बसवू नका. थंडीत पाहुणे खिडकी घट्ट लावून घेतात, आतला प्राणवायू कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर विजेचा किंवा सौर घ्या. गॅसचाच असेल तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला माझा फ्लॅट आहे. मिरजेच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना तो रोजभाड्याने द्यायचा आहे. सोसायटी नको म्हणते. मी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते) भरायला तयार आहे.
— एक वाचक

उत्तर : ते शुल्क भरल्याने लॉज चालवायचा हक्क मिळत नाही. सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही, म्हणजे सेवाशुल्क १२०० असेल तर १२० रुपये. पण ही सोय फ्लॅट राहण्यासाठी भाड्याने दिला तर. रोज नवा माणूस आला की प्रश्न वापर बदलण्याचा होतो. तिथे सोसायटीची संमती लागते आणि महापालिकेचा घरपट्टीचा दरही बदलू शकतो.

उपचार लांबलेल्या रुग्णाचे नातेवाईक महिना-दोन महिने राहतात. त्यांच्याशी लिव्ह अँड लायसन्स करार करा. तो ११ महिन्यांचाच हवा असे नाही, एका महिन्याचाही चालतो. मात्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. कराराची प्रत सोसायटीला द्या, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. एवढे कागद पुढे ठेवलेत की सोसायटीशी बोलणे सोपे जाईल.