सरकारी विभागातली देखरेख आणि मूल्यमापनाची यंत्रणा नुसती कागदावर राहू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की विभागात 80 निर्देशक, म्हणजे काम कसं चाललंय हे दाखवणारे आकडे, आहेत, दर महिन्याला पोर्टलवर माहिती भरली जाते, डॅशबोर्डही आहे. तरी आढावा बैठकीत त्यावरून एकही निर्णय होत नाही, आणि आता वरिष्ठांनी नवी यंत्रणा उभारायला सांगितलंय. सरकारी योजनांचं मूल्यमापन हेच माझं काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नव्या सॉफ्टवेअरचा विषय तूर्त बाजूला ठेवा. आधी वर्षभरात तुमच्या विभागात कोणते निर्णय होतात, ते कोण घेतं आणि कोणत्या महिन्यात, हे लिहून काढा. अंदाजपत्रकाची मागणी कधी जाते, बदल्या-नेमणुका कधी ठरतात, कंत्राटांची मुदत कधी संपते. मग एकेका निर्णयापुढे विचारा: कोणता आकडा समोर असता तर हा निर्णय वेगळा झाला असता? ज्या निर्देशकाला या तक्त्यात कुठेच जागा मिळत नाही, तो गोळा करणं बंद करा. 80 मधले 15 उरले तरी घाबरू नका. माहिती भरणाऱ्या माणसाचा वेळ हा या सगळ्यातला सर्वांत महाग खर्च आहे आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

उरलेल्या प्रत्येक निर्देशकाची व्याख्या मात्र जीव ओतून लिहा. ‘चालू हातपंपांची संख्या’ हा साधा वाटणारा निर्देशक घ्या. एका ठिकाणचा माणूस दांडा मारून थेंबभर पाणी आलं की पंप चालू धरतो. दुसरा, दुरुस्तीची मागणी आलेली नाही म्हणजे चालूच, असं मानतो. तिसरा मागच्या महिन्याचा आकडा उतरवतो. बेरीज होते आणि डॅशबोर्डवर 94 टक्के झळकतात. त्याऐवजी असं लिहा: भेटीच्या दिवशी 20 लिटरचं भांडं पाच मिनिटांत भरलं पाहिजे, आणि गेल्या 30 दिवसांत पंप सलग तीन दिवसांपेक्षा जास्त बंद नसावा, हे दुसरं वापरणाऱ्यांना विचारून ठरवायचं. त्याच कागदावर पाहणी कोण करणार, किती दिवसांनी, आणि आकडा घसरला तर पहिलं पाऊल कोण उचलणार, हेही हवं.

व्याख्या कडक केली की आकडा पडतो, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर काम बिघडल्याची ओरड होते आणि जुनी व्याख्या गुपचूप परत येते. वर्षभर दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवणं हा चांगला मार्ग आहे.

तुमच्या प्रश्नात देखरेख आणि मूल्यमापन एकत्र आलंय. ठरल्याप्रमाणे काम चाललंय का, हे देखरेख सांगते. योजना नसती तर काय झालं असतं, हे तिला सांगता येत नाही, डॅशबोर्ड कितीही चांगला असला तरी. त्यासाठी तुलना लागते, आणि तुलनेची सोय योजना सुरू होण्याआधी करावी लागते. मेक्सिकोने 1997 मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही गरीब कुटुंबांना सशर्त (मुलांना शाळेत पाठवण्यासारख्या अटींवर) रोख मदत देणारी योजना सुरू केली. ती एकदम सगळीकडे नेणं शक्यच नव्हतं. मग मूल्यमापनासाठी 506 वस्त्या घेऊन सोडतीने 320 वस्त्यांना आधी आणि 186 वस्त्यांना नंतर लाभ दिला. दोन्हींची तुलना झाल्यावर मुलांची, विशेषतः माध्यमिक शाळेतल्या मुलींची पटनोंदणी वाढल्याचं स्पष्ट दिसलं. 2000 साली सत्तांतर होऊनही योजना टिकली, पुढे वाढली. त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता. तुमची एखादी योजना टप्प्याटप्प्याने जाणार असेल तर पहिला टप्पा ठरण्याआधीच मूल्यमापन करणाऱ्यांना बोलवा. दोन वर्षांनी बोलावलंत तर आम्ही फार तर लोकांचं मत विचारू शकतो.

आता लक्ष्यांकांबद्दल. आकड्यावर बढती किंवा शिक्षा अवलंबून असली की आकडा वाकतो, हे खरं आहे; पण म्हणून लक्ष्यांक नकोतच, हे मला पटत नाही. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांच्या आत दाखल करायचं, घरी पाठवायचं किंवा दुसरीकडे हलवायचं, असा दंडक होता. 2004 मध्ये 98 टक्के रुग्णांसाठी, 2010 पासून 95 टक्क्यांसाठी. रुग्ण विभागातून कधी बाहेर पडले याचा आलेख काढला तर चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत सरळ सुळका दिसतो. घड्याळ बघून रुग्ण हलवले जात होते. आणि तरीही, अर्थतज्ज्ञांच्या नंतरच्या अभ्यासात त्याच दंडकामुळे थांबण्याचा वेळ कमी झाल्याचं आणि मृत्यूही घटल्याचं आढळलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून प्रत्येक लक्ष्यांकाला एक जोडीदार निर्देशक द्या: वेग मोजत असाल तर तेच लोक त्याच तक्रारीने परत येतात का, हेही मोजा. आणि दर महिन्याला भरलेल्या माहितीतल्या मोजक्या नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा. हे फार थोड्या ठिकाणी होतं, पण माहितीचा दर्जा याने जितका सुधारतो तितका कुठल्याच प्रशिक्षणाने नाही.

देखरेख-मूल्यमापनासाठी वेगळा कक्ष असावा का, आणि कोणाच्या हाताखाली, हे तुम्ही विचारलंय. चिलीमध्ये 1997 पासून कार्यक्रमांची मूल्यमापनं अर्थखात्याचं अंदाजपत्रक कार्यालय बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतं आणि अहवाल संसदेकडे जातात. पैशाशी थेट नातं असल्यामुळे त्यांना वजन आहे. पण इतर खात्यांना ते आपले वाटत नाहीत, ही तिथली जुनी तक्रार. दक्षिण आफ्रिकेने 2011 च्या धोरणात वेगळी वाट धरली: संबंधित खातं मूल्यमापनाला दिशा देणाऱ्या सुकाणू समितीत सुरुवातीपासून बसतं, आणि अहवालानंतर त्यानेच सुधारणा आराखडा करायचा, ज्याचा पाठपुरावा होतो. मला दुसरी रीत जास्त पटते, कारण प्रश्न ठरवताना ज्याला विचारलं तो उत्तर टाळत नाही. मात्र कक्ष माहिती-तंत्रज्ञान विभागात टाकू नका. नियोजन आणि अंदाजपत्रक बघणाऱ्याच्या शेजारी बसवा आणि विभागप्रमुखाकडे थेट जाण्याची मुभा द्या.

सुरुवात एकाच योजनेपासून करा. अंदाजपत्रकाची मागणी जाण्याच्या दोन महिने आधीची तारीख धरा, आणि त्या दिवशी विभागप्रमुखाच्या टेबलावर त्या योजनेची दोन पानी टिपणी पोचेल असं बघा: काय चाललंय, काय अडलंय, कुठला निर्णय हवाय.