कोथरूडच्या वृद्धाश्रमात आईचं वजन दोन महिन्यांत ५२ वरून ४८ किलो झालंय. तिथे काय सांगू?

जवळपास ८ टक्के घट आहे. ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. थायरॉइड, शुगर, नवी औषधं डॉक्टरांकडून तपासून घ्या. कवळी मात्र आजच बघा. वजन उतरलं की ती सैल होते, भाकरीचे कडक काठ ताटात उरतात आणि वजन आणखी उतरतं. भाकरी दुधात कुस्करून द्यायला सांगा. ताट वाढवू नका, घास दमदार करा: अर्धा लिटर दुधात ४ मोठे चमचे दूध पावडर (किडनीचा त्रास असेल तर विचारूनच), गुरगुट्या भातावर चमचाभर तूप, म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. जेवणाआधीचा चहा बंद, भूक तोच मारतो. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर, नाश्त्याआधी. जेवताना ठसका लागतो का? मग गिळण्याची तपासणी सगळ्यात आधी.