'ऑरेंज' आपल्या नारंगीचाच, पण 'संत्रा' सिंत्राचा नव्हे

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. इंग्रजीतला 'ऑरेंज' आपल्या 'नारंगी'वरून आला का, आणि वरुड-मोर्शीकडे आपण बोलतो तो 'संत्रा' पोर्तुगीजांचा का? पहिलीचं उत्तर हो. दुसरीचं, माझ्या मते, नाही.

संस्कृतात 'नारंग', आणि तोही बहुधा द्राविडी भाषांतून आलेला. मल्याळीत लिंबाला आजही 'नारङ्ङ' म्हणतात. फारसीत 'नारंग' तसाच राहिला, अरबीत 'नारंज' झाला, स्पेनमध्ये 'नारांखा'. इटलीत 'उना नारांचा' म्हणता म्हणता फळाचा 'न' मागच्या 'उना'तच विरला आणि 'अरांचा' उरलं. फ्रेंचांकडून 'ओरांज' इंग्रजीत गेलं. रंगाला ते नाव मिळालं फळानंतर, जसं आपल्याकडे 'नारिंगी'.

मात्र अरबांनी स्पेनात नेलेलं हे फळ गोड नव्हतं, कडवट-आंबट होतं. आंबट फळाचं नाव गोड फळाला कसं लागतं, हे मला आमच्या वावरात कळलं. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत जंभेरीच्या, म्हणजे एका आंबट लिंबाच्या, खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटवा, भरतात. आमच्या एका झाडाचं कलम वाळलं, खुंटाची फूट तेवढी वाढली. काही वर्षांनी त्याला जाड सालीची, दात आंबवणारी फळं धरली. लहान पोरं त्यालाही संत्रा म्हणत, तर आबाजी लगेच टोकत: "जंभेरी म्हणा." युरोपात असं टोकणारं कोणी नव्हतं. पुढे पोर्तुगीजांनी गोड फळाचा व्यापार वाढवला, तेव्हा स्पेन-फ्रान्समध्ये तेच जुनं नाव त्यालाही लागलं. तुर्कांनी आणि अरबांनी मात्र वेगळं नाव दिलं, 'पोर्तकाल' आणि 'बुर्तुकाल', म्हणजे चक्क पोर्तुगालचं. डच लोक त्यालाच 'चीनचं सफरचंद' अशा अर्थाचा शब्द वापरतात.

आता 'संत्रा'. पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून हा शब्द आला, असं जिकडेतिकडे लिहिलेलं दिसतं. मोसंबीचं नाव मोझांबिकवरून पडलं, त्यामुळे हेही सहज पटतं. पण बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांमध्ये 'संगतरा' नोंदवलाय, आणि बाबर वारला 1530 मध्ये. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये, गोवा पोर्तुगीजांनी घेतलं 1510 मध्ये. एवढ्या थोड्या वर्षांत एका परक्या गावाचं नाव किनाऱ्यावरून थेट उत्तरेत पोचावं, तेही मधे 'ग' घेऊन, आणि बादशहानं ते इथलं फळ म्हणून टिपावं? मला तरी हे पटत नाही. तुमच्या लेखात सिंत्राची गोष्ट घालणार असाल तर बाबराची ही नोंद तिच्याशेजारीच द्या, नाहीतर वाचणारा तेच खरं धरून चालेल.

मी 'संगतरा'च्या बाजूनं आहे. तिकडे 'नारांचा'तला 'न' गळाला, इकडे 'संगतरा'तला 'ग'.