दिलीप चित्रे: आधी कवी की आधी अनुवादक?

दिलीप चित्रे यांनी आयुष्याची इतकी वर्षे तुकोबांच्या इंग्रजी अनुवादात घातली नसती, तर मराठी कवी म्हणून ते आणखी मोठे झाले असते का, असे आपण विचारले आहे. अंबाजोगाईत मराठी शिकवत असताना हाच प्रश्न मला विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारला होता. माझे उत्तर तेव्हाही 'नाही' असेच होते आणि आज निवृत्तीनंतर चित्रे पुन्हा वाचताना ते अधिकच पक्के झाले आहे. ज्या कवीचे अवघे आयुष्य दोन भाषांच्या उंबरठ्यावर गेले, त्याची कविता आणि त्याचा अनुवाद ही दोन वेगळी खाती मानता येत नाहीत.

चित्रे यांचा जन्म 17 सप्टेंबर 1938 रोजी बडोद्यात झाला. (ही तारीख आम्हा मराठवाड्यातील माणसांना पाठ करावी लागत नाही, ते दहा वर्षांचे झाले त्याच दिवशी निजामाविरुद्धचा आमचा मुक्तिसंग्राम यशस्वी झाला.) त्यांचे वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे 'अभिरुची' हे मासिक चालवीत आणि नवकवी बा. सी. मर्ढेकरांची कविता त्या मासिकात छापली जात होती, म्हणजे नवी मराठी कविता या मुलाच्या घरातच वावरत होती. पुढे कुटुंब मुंबईत आले. 1954 मध्ये अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्यासोबत त्यांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढले, 1960 मध्ये 'कविता' हा पहिला संग्रह आला आणि त्यानंतरची तीन वर्षे ते इथिओपियात शिक्षक होते. 1945 ते 1965 या काळातील मराठी कवितेचे इंग्रजी संकलन त्यांनी 1967 मध्ये सिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते. त्यांची चित्रकला आणि त्यांचा 1983 चा 'गोदाम' हा चित्रपट यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. आपला प्रश्न कवितेचा आहे, म्हणून मी तिथेच थांबतो.

तुकोबांच्या अनुवादाला त्यांनी तरुणपणीच हात घातला आणि 'सेज तुका' (Says Tuka, म्हणजे 'तुका म्हणे') हे इंग्रजी पुस्तक 1991 मध्ये बाहेर आले. त्याच सुमारास 'पुन्हा तुकाराम' हे मराठी पुस्तकही आले, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. इंग्रजी वाचकाला तुकोबा समजावून देता देता चित्रे यांनी मराठी वाचकालाही ते नव्याने दाखवले. 1994 मध्ये साहित्य अकादमीने 'एकूण कविता'च्या पहिल्या भागाला मराठीचा पुरस्कार दिला आणि 'सेज तुका'ला अनुवादाचा. कोणते काम कोणाच्या आड आले, हे या एका वर्षाकडे पाहून आपणच ठरवावे.

आता एक अभंग जवळून पाहू. 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें' हा अभंग आपल्याला ठाऊक असेलच. अवघ्या तीन कडव्यांत 'शब्दांचींच', 'शब्दांचींच', 'शब्दचि', 'शब्दचि', 'शब्देंचि' असा तो 'च' पाच वेळा येतो आणि टाळाच्या ठोक्यासारखा वाजत राहतो. इंग्रजीत असा चिकटणारा 'च' नाही. चित्रे यांनी त्याच्या जागी 'ओन्ली' हा साधा शब्द घेतला आणि वाक्याची तीच सुरुवात पुन्हा पुन्हा आणून तो ठोका राखला. अर्थ कळला म्हणून हे साधत नाही. त्यासाठी कान कवीचाच हवा.

याच अभंगात मला खटकणारी एक गोष्टही आहे, ती लपवत नाही. तुकोबा 'आम्हां घरीं' म्हणतात, तर अनुवादात ती रत्ने 'मी' बाळगतो. हरिनाम सप्ताहात हा अभंग सुरू झाला की गावातला प्रत्येक माणूस तो आपल्या घराविषयीच म्हणतो, आणि ते घर व ते 'आम्ही' इंग्रजीत येताना दाराबाहेर राहिले. महानगरात वाढलेल्या आधुनिक कवीने तुकोबांमध्ये एकटा उभा असलेला माणूस पाहिला, असे मी त्याचे कारण समजतो. तो माणूस गाथेत आहेच. मात्र आमच्या भागात गाथा वाचली जाते त्याहून अधिक गाइली जाते, आणि गाताना कोणी एकटा नसतो.

गंगाखेड तालुक्यातील आमच्या गावी एका सप्ताहात मी हे पुस्तक बरोबर नेले होते. वयोवृद्ध वीणेकरी बाबांना मी सांगितले की, साहेबांच्या भाषेत 'तुका म्हणे'चे 'म्हणे तुका' असे उलटे झाले आहे. वीणा खांद्यावर तशीच ठेवून ते थोडे थांबले आणि म्हणाले, "म्हंजे तिकडं म्हननं आधी येतंय अन् तुका मागून? मग बरंच की." त्या शीर्षकावर यापेक्षा नेमके भाष्य मी कोणत्याही चर्चासत्रात ऐकलेले नाही.

चित्रे तुकोबांपाशी थांबले नाहीत. 1996 मध्ये त्यांनी ज्ञानदेवांचे 'अनुभवामृत' (म्हणजेच 'अमृतानुभव') इंग्रजीत आणले. ज्ञानदेवांचे घराणे आमच्या पैठणजवळच्या आपेगावचे, म्हणून या ग्रंथाविषयी मला विशेष आपलेपणा आहे. त्यात 'शब्दखंडन' नावाचे एक प्रकरणच आहे. वरच्या अभंगात तुकोबा शब्दालाच देव म्हणतात आणि इथे ज्ञानदेव शब्दाची मर्यादा दाखवून त्याला बाजूला सारतात. या दोघांचीही भाषा ज्याने ओळ न् ओळ हाताळली, त्याची स्वतःची कविता पूर्वीसारखी राहणे शक्यच नव्हते. मग 2007 मध्ये नामदेव ढसाळांच्या कवितांचे त्यांनी केलेले अनुवाद पुस्तकरूपाने आले. तेराव्या शतकातील ओवी, सतराव्या शतकातील अभंग आणि ढसाळांच्या कवितेतील मुंबईच्या गोलपिठा वस्तीची रांगडी बोली, अशा तीन मराठी त्यांनी पचवल्या होत्या. 'कविता'मधील गच्च, प्रतिमांनी भरलेली भाषा आणि नंतरच्या कवितांतील थेट बोलणारा आवाज यांत जे अंतर पडले आहे, ते मी बऱ्याच अंशी या कामाचे फळ मानतो. 10 डिसेंबर 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्याला हे स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर आधी 'पुन्हा तुकाराम' वाचावे, त्यानंतर 'सेज तुका' घ्यावे आणि शेजारी गाथा उघडी ठेवावी. दिवसाला एकच अभंग पुरे, पण तो आधी मोठ्याने म्हणावा, ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा घ्यावे आणि मगच इंग्रजीकडे वळावे. 'एकूण कविता'चे तिन्ही भाग त्यानंतर उघडावेत.