आम्ही हलला राहायला आलोय. इथले लोक रग्बी लीगची आपली टीम ठरवतात कशी?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून नोकरीसाठी इंग्लंडात हल शहरी आलात, घर अजून तात्पुरतं आहे, मुलगा आठ वर्षांचा आहे आणि पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी विचारलं, "एफसी की रोव्हर्स?" काय उत्तर द्यायचं आणि ही मंडळी आपली टीम निवडतात कशी, असा तुमचा प्रश्न.

निवडतच नाहीत. घर कुठे आहे त्यावरून टीम ठरते आणि पहिल्यांदा मैदानावर कोणाचं बोट धरून गेलात त्यावरून ती पक्की होते. खेळाडू, चषक, गुणतक्ता हे सगळं नंतरचं. कोल्हापूरच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. फुटबॉलमध्ये पाटाकडील की दिलबहार हे शाहू स्टेडियमवर कोणी गुण मोजून ठरवत नाही, पेठ ठरवते. हलमध्ये पेठांच्या जागी नदी आहे, एवढाच फरक.

हल नावाचीच नदी उत्तरेकडून येते आणि शहराचे दोन तुकडे करून हंबरच्या खाडीला मिळते. पश्चिमेला हल एफसी, स्थापना 1865, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे. पूर्वेला हल किंग्स्टन रोव्हर्स, स्थापना 1882, रंग लाल-पांढरा. पश्चिमेला हेसल रोडच्या आसपास खोल समुद्रात ट्रॉलरवर मासेमारीला जाणाऱ्यांची वस्ती होती आणि एफसीचं जुनं बुलव्हार्ड मैदान तिथून पायी जाण्याइतकं जवळ. पूर्वेला गोद्या, आणि त्यांवर पोट असलेली घरं. गंमत म्हणजे रोव्हर्सचा जन्म पश्चिमेचाच. बॉयलर बनवणाऱ्या शिकाऊ कामगारांनी ती टीम काढली आणि 1895 मध्ये नदी ओलांडून ती पूर्वेला गेली. हे रोव्हर्सवाल्याला ऐकवायचं असेल तर ओळख जुनी झाल्यावर ऐकवा.

पण रग्बीच का, आणि तीही लीगच का? याचं उत्तर मजुरीत आहे. तेव्हा शनिवारीही काम असे. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडायची आणि बुडालेली मजुरी भरून देणं हे रग्बीच्या लंडनमधल्या कारभाऱ्यांना पैसे घेऊन खेळण्यासारखं वाटायचं. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले, वेगळे झाले आणि खाड्याचे दिवसाला सहा शिलिंगपर्यंत देता येतील असं ठरलं. हल एफसी त्यात पहिल्यापासून होतं, रोव्हर्स दोन वर्षांनी आले. पुढे 1906 मध्ये खेळाडू 15 वरून 13 झाले आणि खेळच वेगळा झाला, तोच रग्बी लीग. त्यामुळे गिरण्या, खाणी आणि गोद्यांच्या या पट्ट्यात क्लब म्हणजे गावाची स्वतःची चीज. हलमध्ये कोणी नुसतं "रग्बी" म्हणालं तर लीग समजा. युनियनचं, म्हणजे 15 खेळाडूंच्या जुन्या रग्बीचं, नाव मुद्दाम घ्यावं लागतं.

नदीच्या नियमाला अपवाद आहेत आणि ते ठाऊक नसले की फजिती होते. हेसल रोडची जुनी घरं पाडली तेव्हा तिथली कुटुंबं ब्रॅन्सहोमसारख्या नव्या वसाहतींत गेली. ब्रॅन्सहोम नदीच्या पूर्वेला, पण माणसं सोबत काळे-पांढरे पट्टे घेऊन गेलेली. तिथे टीम नकाशावरून ओळखू नका, आजोबा कुठे राहत होते ते विचारा. नदीच्या दोन काठांच्या लग्नांतून आलेली मुलं हा आणखी वेगळा विषय. बहुधा जो पालक आधी मैदानावर नेतो त्याची सरशी होते.

नगरपालिकेच्या हद्दीवर तर मुळीच विसंबू नका. 1974 च्या फेररचनेत ली हे गाव विगनच्या कारभाराखाली गेलं, पण लीचा माणूस विगनची जर्सी घालणार नाही. वेकफील्डच्या एका जिल्ह्यात वेकफील्ड ट्रिनिटी, कॅसलफर्ड आणि फेदरस्टोन अशा तीन टीम, आणि तिघींचं एकमेकींशी वाकडं. सुपर लीग ही रग्बी लीगची सर्वांत वरची साखळी काढताना, 1995 मध्ये, वरच्या लोकांनी कागदावर हिशेब मांडला होता: या तिघांचं मिळून "कॅल्डर", हलच्या दोघांचं मिळून "हंबरसाइड", वॉरिंग्टन आणि विडनेसचं "चेशायर". टीव्हीचा पैसा मोठा होता. तरी गावोगावचे पाठीराखे रस्त्यावर आणि मैदानात उतरले आणि विलीनीकरणं गुंडाळावी लागली. पाठीराखा क्लबचा असतो तसाच शेजारच्या गावाच्या विरोधातही असतो, हे त्या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

आता बाहेरून आलेल्या माणसाबद्दल. त्याला जागा आहे का? आहे, आणि त्याला जुना आधार आहे. क्लाइव्ह सलिव्हन कार्डिफचा कृष्णवर्णीय खेळाडू, 1961 मध्ये हल एफसीत आला, 1974 मध्ये रोव्हर्सकडे गेला. 1972 मध्ये ग्रेट ब्रिटनचा कर्णधार म्हणून त्याने विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या कोणत्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. पश्चिमेकडून गाडीने शहरात शिरताना ज्या रस्त्यावरून आलात त्याला त्याचंच नाव आहे, क्लाइव्ह सलिव्हन वे. दोन्ही काठांनी डोक्यावर घेतलेला माणूस शोधायचा तर तोच, आणि तो हलचा नव्हता. आपल्या उपखंडाच्या वंशाचं म्हणाल तर लीड्सचा इक्रम बट 1995 मध्ये इंग्लंडकडून खेळला, असा पहिलाच.

म्हणजे अट जन्माची नाही, हजेरीची आहे. हरण्याच्या दिवसांतली हजेरी तर इथे चलनासारखी चालते. 2016 चं उदाहरण घ्या. हल एफसीने त्या वर्षी वेम्बलीवर पहिल्यांदा चॅलेंज कप, म्हणजे बाद पद्धतीचा चषक, जिंकला, वॉरिंग्टनला 12-10 ने हरवून. त्याच मोसमात रोव्हर्स सॅल्फर्डकडून जादा वेळेत 19-18 ने हरून सुपर लीगबाहेर फेकले गेले. पुढे चित्र उलटलं: 2024 मध्ये एफसी तक्त्यात शेवटून दुसरे आणि 2025 मध्ये रोव्हर्सने चॅलेंज कप, साखळीचं अग्रस्थान आणि ग्रँड फायनल (सुपर लीगचा अंतिम सामना) असं तिन्ही उचललं, तेही 40 वर्षं एकही मोठा चषक न मिळाल्यावर. म्हणून आज "मी रोव्हर्सचा" म्हणालात की पुढचा प्रश्न ठरलेला: "कधीपासून?" प्रामाणिक उत्तर द्या. "मागच्या महिन्यापासून, घर होल्डरनेस रोडला घेतलंय" हे उत्तर चालतं. "सध्या तेच जिंकतायत ना" हे चालत नाही.

तेव्हा आधी घर ठरवा. पूर्वेला घेतलंत तर रोव्हर्स, पश्चिमेला घेतलंत तर एफसी. मध्येच कुठेतरी असलात तर मुलाच्या शाळेवर सोडा. वर्गात बहुसंख्य ज्यांचे, त्यांच्याकडे तो चार दिवसांत झुकेल आणि तुम्ही त्याच्या मागे. दोन्हीकडे पाय ठेवायचा विचार करू नका. इथे तटस्थ माणसाला सभ्य नाही, अर्धवट समजतात.

पहिला सामना डर्बीचा, म्हणजे शहरातल्या दोन टीमचा आपसातला, नको. एफसी आणि रोव्हर्सची गाठ बहुतेक वर्षी गुड फ्रायडेच्या सुमारास पडते, तिकिटं आधी सभासदांत संपतात आणि आवाज एवढा की नवख्याला खेळ समजत नाही. मोसम फेब्रुवारीत सुरू होऊन ऑक्टोबरमधल्या ओल्ड ट्रॅफर्डच्या ग्रँड फायनलपर्यंत चालतो. मुलाला न्यायचं तर एप्रिलच्या शेवटापासून पुढे. फेब्रुवारीत हंबरवरून येणारा वारा पहिल्या अर्ध्या तासात हौस फेडतो आणि पोर पुन्हा यायला तयार होत नाही. शुक्रवार रात्रीपेक्षा दुपारचा सामना घ्या.

एफसीचं एमकेएम स्टेडियम फुटबॉलच्या हल सिटीबरोबर वाटून घेतलेलं, सगळं खुर्च्यांचं, स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं. रोव्हर्सचं क्रेव्हन पार्क शहराच्या मध्यापासून पूर्वेला पाचेक किलोमीटर, बसने जावं लागतं. निघताना हे लक्षात ठेवा की नदीवरचे काही पूल बोटींसाठी उघडतात. पूल वर गेला की पश्चिमेकडून येणारी सगळी वाहतूक तिथेच थांबते. अर्धा तास हाताशी ठेवा.

क्रेव्हन पार्कला गेलात तर टेरेसचं, म्हणजे पायऱ्यांवर उभं राहण्याचं तिकीट काढा. पाठीराखा खरा तिथे घडतो. खुर्चीवर शेजारी कोण ते तिकीट ठरवतं, टेरेसवर तुम्ही ठरवता. लांबीच्या मध्याजवळ उभे राहा, गोलखांबांमागे नाही, कारण मागून पुढे-मागे सरकणारी बचावाची रांग नीट कळत नाही. मुलगा सोबत असेल तर अगदी पुढे, कठड्याला धरून. पुढच्या वेळी त्याच जागी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला शेजारचे नाव विचारतात, सहाव्या खेपेला एखादा सामना चुकलात तर कुठे होतात ते विचारतात. इथली दीक्षा हीच, दुसरा विधी नाही.

खेळ समजायला एवढं पुरे: चेंडू असलेल्या टीमला सहा टॅकल मिळतात. धरलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे ढकलतो, त्याला प्ले-द-बॉल म्हणतात. सहाव्यांदा धरले गेले की चेंडू समोरच्यांचा, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा लाथ मारून तो लांब घालवतात. ट्रायचे (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की) 4 गुण, गोलचे (लाथेने खांबांमधून घालवला की) 2, खेळ चालू असताना मारलेल्या ड्रॉप गोलचा 1. गर्दीबरोबर टॅकल मोजत राहा. युनियन पाहिलेले लोक रांगा आणि ढीग शोधत बसतात आणि कंटाळतात. कबड्डी पाहिलेल्याला हा खेळ लवकर कळेल: धरायचं, पाडायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

फुटबॉलची भीती इथे आणू नका. लीगमध्ये दोन्हीकडचे लोक बहुधा मिसळून बसतात. 1985 च्या ज्या कायद्याने फुटबॉलच्या सामन्यात मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्याला बंदी आहे तो रग्बीला लागू नाही, म्हणून हातात बिअर घेऊन उभे असलेले आजोबा दिसले तर दचकू नका. शिव्या पंचांना पडतात, शेजाऱ्याला नाही. एफसीच्या मैदानावर लाल जॅकेट मात्र नको. कट्टर एफसीवाले बेकनसुद्धा खात नाहीत, कारण त्यावर लाल-पांढरे पट्टे, असं इथे सांगतात. त्यात थट्टा किती आणि खरं किती हे ज्याच्या त्याच्या घरावर. भूक लागली तर पॅटी मागा: कुस्करलेला बटाटा, त्यात सेज नावाचा पाला, वरून पिठाचं आवरण देऊन तळलेला. बटाटावड्याचा लांबचा भाऊ, मिरची हरवलेला. त्यावर लाल चिप स्पाइस भुरभुरून घ्या. लाल असलं तरी ते दोन्ही काठांवर चालतं.

पैसे कुठे वाया जातात? घाईने घेतलेल्या जर्सीत आणि सीझन तिकिटात. जर्सीचं डिझाइन दर मोसमाला बदलतं. ऑगस्टात पूर्ण किमतीला घेतलीत तर काही महिन्यांत ती जुनी होते. आधी लोकरी मफलर आणि टोपी घ्या, रंग तेवढाच कळतो. सीझन तिकीट पाच-सहा सामने पाहिल्यावर, पुढच्या मोसमासाठी, आणि तेही शुक्रवारी रात्री तुमची ड्यूटी नसेल तरच. सामन्यांचे दिवस टीव्हीच्या सोयीने हलतात. पाळीचं काम करणाऱ्यांची सीझन तिकिटं त्यामुळेच घरी पडून राहतात.

मुलासाठी मात्र वाट पाहू नका. वेस्ट हल, स्कर्लॉ, हल डॉकर्स, मायटन वॉरियर्स असे हौशी क्लब शहरात आणि आसपास आहेत आणि आठ वर्षांच्या मुलांचे गट साधारण सगळीकडे असतात. त्या वयात मैदान लहान, खेळाडू कमी. लागेल ते असं: दातांचं गार्ड, खिळ्यांचे बूट आणि अंग पुसायला जाड टॉवेल. पहिल्या सरावाआधी गार्ड गरम पाण्यात मऊ करून त्याच्या दातांवर बसवा, नाहीतर तो ते थुंकत राहील. आजचे मोठे खेळाडू बरेचसे अशाच क्लबांतून आलेले. सुपर लीगच्या सामन्यांत मध्यंतराला कधी कधी अशा पोरांच्या टीमना मोठ्या मैदानावर दहा मिनिटं खेळवतात. तुमच्या मुलाची पाळी आली की कोणत्या मैदानावर ते एकदा पाहा, आणि त्या तीन सहकाऱ्यांना तेच नाव सांगा.