परदेशातून मुक्काम हलवताय, सोबत कुत्रा-मांजर आहे? आधी चिप, मग लस

तिकिटाची घाई करू नका. जिथे जायचंय तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय खात्याचे नियम आधी वाचा आणि सहा-सात महिने हाताशी ठेवा.

नवखे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते क्रमात. आधी १५ अंकी आयएसओ मायक्रोचिप (प्राण्याच्या कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांक असलेली, आंतरराष्ट्रीय मानकाची बारीक चिप), त्यानंतरच रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस बरेच देश धरत नाहीत, मग सगळं पहिल्यापासून. काही देशांना रक्ताची अँटिबॉडी चाचणीही लागते, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध पुरेसं संरक्षण तयार झालंय का ते पाहणारी. निकाल किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली हवा, शिवाय त्यानंतर काही महिने थांबावं लागू शकतं. चिप जुनी असेल तर स्कॅन करून घ्या आणि प्रत्येक कागदावरचा नंबर ताडून पाहा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी प्रवास अडतो.

प्रवासाचा पिंजरा मात्र आजच आणा. आत प्राण्याला ताठ उभं राहता, वळता, ऐसपैस झोपता आलं पाहिजे. सवय व्हावी म्हणून दार उघडं ठेवून जेवण त्यातच द्या.

आणि कृपा करून, स्वतःच्या मनाने झोपेचं औषध देऊ नका. विमानात श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. चपट्या नाकाच्या जाती कित्येक विमान कंपन्या घेतच नाहीत, तेव्हा बुकिंगआधी विचारा. परदेशातल्या इतक्या वर्षांत तुमचा प्राणीही म्हातारा झाला असेल, तर हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी या सगळ्याच्या आधी.