दोन निरोपांत कनेक्शन का जुळत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की, "दोन कॉम्प्युटर डेटा पाठवण्याआधी तीन निरोप देतात-घेतात. 'आहेस का?' आणि 'आहे', एवढं पुरत नाही का? तिसरा कशाला?"

मी नागपुरात नेटवर्किंग शिकवतो, आणि दरवर्षी वर्गात कुणीतरी हे विचारतंच. पुस्तकांत बहुतेक वेळा फोनचं उदाहरण असतं: हॅलो, हॅलो, हां बोल. मला ते पटत नाही. फोनवर कालचा "हॅलो" आज ऐकू येत नाही. नेटवर्कवर मात्र पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, वाटेत रेंगाळतं, हरवतं, कधी त्याच्या दोन प्रतीही पोचतात.

माझे वडील रेल्वे स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात अडत्या होते. गावोगावी फोन नव्हते. काटोलकडचे शेतकरी येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी द्यायचे: "संत्रा तोडून ठेवला, गाडी पाठवा." एकदा चिठ्ठी आली नाही असं वाटून शेतकऱ्याने दुसरी पाठवली, गाडी गेली, माल आला, हिशेबही झाला. पहिली चिठ्ठी कुठल्याशा ट्रकमध्ये अडकली होती, ती तीन दिवसांनी उगवली. वडिलांनी पुन्हा गाडी धाडली. शेतकरी म्हणाला, "काहून पाठवली जी गाडी? माल तं परवाच नेला तुमी!" रिकाम्या गाडीचं भाडं अंगावर पडलं. त्यानंतर वडिलांनी नियम केला: चिठ्ठी आली की आधी तिचा नंबर लिहून उलट निरोप द्यायचा, तिकडून "हो, हीच" आलं तरच गाडी हलवायची.

तिसरा निरोप म्हणजे हे "हो, हीच". टीसीपीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरांच्या या बोलण्याच्या नियमांमध्ये, पहिल्या निरोपाला 'सिन' म्हणतात. समजा तुमचा कॉम्प्युटर कळवतो, "मी ५००० पासून मोजणार." सर्व्हर 'सिन-अ‍ॅक' पाठवतो: "५००० मिळाला, आता ५००१ येऊ दे, माझी मोजणी ८२०० पासून." तुमचा कॉम्प्युटर 'अ‍ॅक' देतो: "आता ८२०१ येऊ दे." पुढे प्रत्येक बाइट या आकड्यांवरून मोजला जातो. काय पोचलं, काय पुन्हा पाठवायचं, दोनदा आलेलं कोणतं टाकून द्यायचं, सगळं त्यावरून ठरतं. दोन्ही बाजूंचा आकडा समोरच्याने कबूल केल्याशिवाय हे चालत नाही. दोनच निरोप असते तर सर्व्हरचा ८२०० पोचला की नाही, हे त्याला कळलंच नसतं.

आता एखादा शिळा सिन सर्व्हरकडे पोचला तर? सर्व्हर त्यातल्या जुन्या आकड्याची पोच देतो. तुमचा कॉम्प्युटर पाहतो की हा आकडा आपण आत्ता दिलेलाच नाही, आणि 'रीसेट' पाठवून मोकळा होतो. गाडी निघण्याआधीच थांबते. या तीन निरोपांचा विचार मांडण्यात अमेरिकन इंजिनिअर रे टॉमलिन्सन यांचं नाव घ्यावं लागतं. ईमेलच्या पत्त्यातलं @ चिन्हही त्यांचंच. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी टीसीपीची मूळ कल्पना १९७४ मध्ये मांडली, आणि १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ती पक्की झाली.

मुलं पुढचा प्रश्न विचारतात: मोजणी ० पासूनच का नाही? आधीच्या कनेक्शनचं रेंगाळलेलं पॅकेट नव्यात मिसळू नये म्हणून. १९८१ च्या नियमात हा आकडा साधारण दर ४ मायक्रोसेकंदांना एकने वाढणाऱ्या घड्याळावरून घ्यायचा होता. पण १९८५ मध्ये संशोधक रॉबर्ट मॉरिस यांनी दाखवलं की आकडा ओळखता आला तर तिऱ्हाईत दुसऱ्याच्या नावाने बोलू शकतो. म्हणून आज तो अंदाज येणार नाही असा निवडतात. वायरशार्क या पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तुम्हाला ० दिसेल, ती फक्त वाचायची सोय आहे. 'रिलेटिव्ह' आकडे बंद करा, खरे दिसतील.

आणि वायरशार्क लावून बघाच, कारण त्यातूनच हे डोक्यात बसतं. इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरला जोडलं जात नव्हतं. पिंग, म्हणजे समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का एवढंच बघणारी तपासणी, चालू होतं, म्हणून सगळे केबलला निर्दोष आणि सॉफ्टवेअरला दोषी ठरवून बसले होते. पिंग पोर्टपर्यंत, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या दारापर्यंत, जातच नाही. मी पॅकेट पाहिले: एक सिन, १ सेकंदाने तोच, मग २ सेकंदांनी, मग ४. उत्तर काहीच नाही. वरचं सॉफ्टवेअर नुसतं बंद असतं तर बहुधा लगेच रीसेट आला असता, स्क्रीनवर "कनेक्शन रिफ्यूज्ड" दिसलं असतं. ही शांतता फायरवॉलची, म्हणजे नको ती पॅकेट अडवणाऱ्या पहारेकऱ्याची, होती. सिन गुपचूप टाकून दिला जात होता. पोर्ट उघडला, आणि सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक अशा तीन ओळी एका मिलिसेकंदाच्या आत उमटल्या.